फळीवरचे पाय

"मोजेसुद्धा काढा," धाकू मेस्त्री म्हणाले.

परब साहेब उंबरठ्याशी थांबले. बूट काढले म्हणजे झालं, अशी त्यांची समजूत होती. ते आमच्या यार्डाचे कर्मचारी अधिकारी. माणसं घेणं, हलवणं आणि काढणं हे त्यांचं खातं.

"मोजे कशाला, मेस्त्री?"

"घसरतात. मागे एक इंजिनियर साहेब मोज्यांवर आत आले. जहाजाच्या पुढच्या टोकाला पाऊल टाकलं ते मागच्या टोकाला जाऊन बसले."

हे सगळं मेस्त्री मान वर न करता बोलत होते. दोन गुडघे आणि एक हात जमिनीवर, दुसऱ्या हातात खडू, अशी त्यांची बैठक. परब साहेबांनी मोजे काढले. एकाला अंगठ्याशी भोक होतं. तो त्यांनी आधी खिशात घातला.

त्यांच्याबरोबर मुंबईच्या ऑफिसातून आलेल्या देवस्थळी मॅडम होत्या. सुती साडी, पिकू लागलेले केस. त्यांनी कुणी सांगण्याआधीच चपला काढून भिंतीला लावून ठेवल्या होत्या. काही न बोलता त्या आत आल्या आणि रेषांवर पाय पडू नये म्हणून जपून चालत थेट पलीकडच्या भिंतीपर्यंत गेल्या. त्या चालत होत्या तोवर मेस्त्रींचा खडू थांबला होता. त्या भिंतीशी पोचल्या, तेव्हा तो पुन्हा चालू झाला.

आमच्या खाडीवरच्या यार्डात तेव्हा जहाज बांधण्याआधी ते लॉफ्टमध्ये काढावं लागे. लॉफ्ट म्हणजे एक लांबच लांब माडी, खाली सगळ्या सागाच्या फळ्या. कागदावर वीतभर असलेलं जहाज तिथे जमिनीवर खऱ्या मापाने आखायचं, त्यावरून लाकडी साचे करायचे आणि साच्यांवरून खाली लोखंड कापायचं. म्हणून तिथे चपला चालत नसत. एकदा एक मंत्री आले होते, तेही अनवाणीच फिरले. त्यांच्या पायाला खडू लागला आणि तसेच ते भाषणाला गेले.

आम्ही तिथे तिघं होतो. धाकू मेस्त्री मुख्य. पास्कल त्यांचा जोडीदार. त्याचे दोन्ही मुलगे गल्फमध्ये होते आणि त्याला घरी जाऊन बदकं पाळायची होती, हे तो रोज सांगे. आणि तिसरी मी, कुंदा. माझा नवरा क्रेनवर खलाशी होता. तो काविळीने गेला आणि त्याच्या जागी मला लॉफ्टची सफाई कामगार म्हणून घेतलं. क्वार्टर राहिली, मुलीची शाळा राहिली.

झाडू मी सुरुवातीला मारला. मग एके दिवशी मेस्त्री म्हणाले, "कुंदे, ती पट्टी त्या टोकाला धर." मी धरली. ती लांब लवचीक लाकडी पट्टी असते. ठरल्या ठिकाणी खिळे मारून त्यांच्यामधून ती वाकवायची आणि तिच्या कडेने रेघ ओढायची. रेघ सुरेख वळली की मेस्त्री म्हणत, "गोड आहे." कुठे उंचवटा आला की म्हणत, "इथे कडू." मग खिळा काढायचा, केसभर सरकवायचा. काही दिवसांनी नकाशावरचे आकडे मी वाचू लागले. मग खिळे मी मारू लागले. मेस्त्री दोनदा परब साहेबांकडे जाऊन सांगून आले, की हिला झाडूवरून काढा आणि आखणीत घ्या. साहेब दोन्ही वेळा म्हणाले, "मेस्त्री, आपल्या हाताखालचा माणूस सगळ्यांनाच हुशार वाटतो."

लॉफ्टमध्ये सगळ्यांच्या माना खाली असल्यामुळे माणूस पायांवरून ओळखायची रीत होती. परब साहेबांच्या अंगठ्याचं नख काळं होतं. मेस्त्री त्यांना तोंडावर साहेब म्हणत आणि मागे काळं नख.

पुढे मेस्त्रींनी रेघ अंगठ्याने चाचपायला सुरुवात केली. मग एक दिवस ते मला हळूच म्हणाले, "इथली रेघ पुसली काय गो?" रेघ तिथेच होती. एका डोळ्यात काचबिंदू, दुसऱ्यात मोतीबिंदू, ही नावं पुढे कळली. डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणत, डॉक्टर यार्डाचा, त्याचा कागद काळ्या नखाकडे जाणार. तेव्हापासून माणूस म्हणजे त्यांना एक उभी सावली दिसे. पट्टी मात्र ते तळहाताने तपासत आणि कडू जागा बरोबर काढत. पुढची दोन जहाजं अशीच झाली. आकडे, खिळे आणि खडू माझा, तळहात त्यांचा. दोन्ही जहाजं पाण्यात सरळ उभी राहिली. आम्ही तिघं यावर कुठे काही बोललो नाही.

तर त्या दिवशी परब साहेब अनवाणी उभे राहून म्हणाले, "लॉफ्ट बंद होतंय. आता जहाज संगणकावर काढणार आणि मशीनच लोखंड कापणार. संगणकाच्या कक्षात इथला एक माणूस घेणार आहोत. बाकीच्या दोघांसाठी स्वेच्छानिवृत्ती आहे."

"स्वेच्छा म्हणजे आमची ना?" पास्कलने विचारलं.

"तुमचीच."

"आणि ती झाली नाही तर?"

"होईल," साहेब म्हणाले.

देवस्थळी मॅडम पुढच्या आठवड्यात येऊन काम बघणार आणि नाव ठरवणार होत्या. "तसे सेवाज्येष्ठतेने मेस्त्रीच," साहेब त्यांना म्हणाले. "मग पास्कल. ह्या बाई सफाईच्या आहेत, त्यांचा प्रश्न येत नाही."

मॅडमनी माझ्या हाताकडे पाहिलं. त्यात खडू होता. मी तो पदराआड केला.

ते गेल्यावर आम्ही चहा प्यालो.

"मी घरी जाणार," पास्कल म्हणाला. "म्हणजे राहिले दोन. मेस्त्री आणि मेस्त्रीचे डोळे."

"मी शिकेन," मेस्त्री म्हणाले. "मेल्याशिवाय मी इथून हलत नाही."

"संगणकाला काच असते, मेस्त्री. काचेत बघावं लागतं."

"तुझ्या बदकांत तू बघ."

मला ती नोकरी हवी होती. इतकी, की रात्री झोपेत मी खिळे मोजायचे. ती गेली तर क्वार्टर जाणार आणि मुलीला घेऊन मला सासरच्या गावी जावं लागणार. तिथे दीर होते आणि शाळा नव्हती. पण मेस्त्रींसमोर ते म्हणायचं कसं? ज्या माणसाने हातात खडू दिला, त्याच्याच पुढ्यातलं ताट ओढायचं. मी म्हटलं, "मॅडम तुमच्या हातात नकाशा देतील. तो उलटा असला तर मी खोकेन. तुम्ही फिरवा."

मेस्त्रींनी बशी खाली ठेवली. "किती वेळा खोकशील?"

"एकदा. एकदा खोकले की फिरवायचा."

"चालेल," ते म्हणाले.

आम्ही सराव केला. मी खोकायची, ते कागद फिरवायचे. पास्कल मॅडम व्हायचा आणि कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "मिस्टर धाकू, हे काय आहे?" मेस्त्री म्हणायचे, "हे जहाज आहे आणि तू गाढव आहेस." सराव चांगला झाला.

मॅडम यायच्या त्या दिवशी मी कँटीनमधून चहाची किटली घेऊन वर आले. पास्कल खाली पानाला गेला होता. उंबरठ्याशी भिंतीला लावून ठेवलेल्या चपला दिसल्या. मॅडम वेळेआधीच आल्या होत्या, एकट्याच. मी माझ्या चपला काढल्या आणि तिथेच थांबले, कारण आत मेस्त्री बोलत होते.

ते नेहमीसारखे गुडघ्यांवर, मान खाली. मॅडम त्यांच्यापासून दोन पावलांवर उभ्या. मेस्त्रींना धुक्यातून दिसत असणार तो साडीचा काठ आणि बाईमाणसाचे पाय. लॉफ्टमध्ये बाई एकच होती.

"आलीस कुंदे? बरं झालं. ती मुंबईची बाय यायच्या आधी ऐकून ठेव."

मॅडम काही बोलल्या नाहीत.

"माझ्या डोळ्यांचं तिला कळता कामा नये. एकात काही उरलं नाही, दुसऱ्यात धुकं. तुला आणि पास्कलला ठाऊक आहे, तेवढंच राहू दे. आणि मागची दोन जहाजं तू आखलीस हेही बोलायचं नाही. आकडे तू वाचलेस, खिळे तू मारलेस, सगळं खरं. पण नाव माझं आहे. ती नोकरी मला पाहिजे."

किटली जड होती. ती खाली ठेवली तर वाजेल म्हणून मी धरून राहिले.

"तू काय, झाडूवाली. झाडू कुठेही मारता येतो. विचारलंच तर सांग, मला काही येत नाही. समजलं?"

मॅडम उभ्याच.

"समजलं का?"

"हं," मॅडम म्हणाल्या.

"जा मग. माठात पाणी भर."

मॅडम वळल्या तेव्हा त्यांना मी दिसले. त्या दारापर्यंत आल्या, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, चपला पायात घातल्या आणि जिना उतरून गेल्या. थोड्या वेळाने परब साहेबांबरोबर पुन्हा वर आल्या. यावेळी जिन्यात मोठ्याने बोलत. पास्कलही तोंड पुसत मागोमाग आला.

"येऊ का, मेस्त्री?" त्यांनी दारातून विचारलं.

"या या, मॅडम. आत्ताच तुमची आठवण काढली. मोजे—"

"मी मोजे घालत नाही," मॅडम म्हणाल्या.

मी चहा दिला. मेस्त्रींचा कप त्यांच्या हाताला लागेल असा ठेवायची सवय होती, तसाच ठेवला. मनात एकच चाललं होतं, झाडू कुठेही मारता येतो. बोलणं खोटं नव्हतं. मी मारलाही असता.

मॅडमनी मेस्त्रींच्या हातात नकाशा दिला. तो उलटा होता.

खोकायचं नाही, असं मी ठरवलं. मग खोकले. का ते मला सांगता येणार नाही. इतके दिवस खोकायचं ठरलं होतं, घसा तयारच होता.

मेस्त्रींनी नकाशा फिरवला नाही. मी परत खोकले, जरा मोठ्याने. मेस्त्रींनी तो छातीसमोर आणखी उंच धरला. जहाजाचं धुराडं जमिनीकडे आणि तळ आभाळाकडे.

"बाईंना पाणी द्या कुणीतरी," परब साहेब म्हणाले.

"छान आहे जहाज," मेस्त्री म्हणाले.

पास्कलने छताकडे पाहिलं.

"मागचं जहाज कुणी आखलं?" मॅडमनी विचारलं.

"मी."

"एकट्याने?"

"एकट्याने. हा पास्कल पट्टी धरतो. ही केर काढते."

मॅडमनी त्यांच्या हातातून नकाशा घेतला आणि माझ्यापुढे धरला. "कुंदाबाई, खडू घ्या."

"मॅडम," परब साहेब म्हणाले, "त्या सफाईच्या आहेत. कागदोपत्री..."

"मग जमिनीची माहिती त्यांना असेलच," मॅडम म्हणाल्या.

मी पदर खोचला. आकडे वाचले, खिळे मारले, पास्कलने पट्टीचं टोक धरलं. मी वाकवत गेले. मेस्त्री बाजूला स्टुलावर बसले होते, दोन्ही तळहात गुडघ्यांवर पालथे. रेघ ओढली आणि मध्येच कुठेतरी ती मला पटेना. एरवी तिथे मेस्त्रींचा हात आला असता. तो आला नाही. मी माझा फिरवला.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"इथे कडू आहे."

"कडू म्हणजे?"

"म्हणजे गोड नाही."

"मॅडम, हे तांत्रिक शब्द नाहीत," परब साहेब म्हणाले.

मी एक खिळा काढला, केसभर सरकवला आणि पुन्हा रेघ ओढली. मॅडम खाली वाकल्या. मग साडी सावरून सरळ गुडघ्यांवर बसल्या आणि एक डोळा मिटून त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"संगणक शिकायला किती दिवस लागतील असं वाटतं?" त्यांनी मला विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी तो पाहिलेला नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

नाव माझं लागलं. परब साहेबांनी सेवाज्येष्ठतेवरून मुंबईला लिहून पाहिलं. तिकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पुढे ते मला कुंदाताई म्हणू लागले. मेस्त्रींनी निवृत्तीच्या कागदावर अंगठ्याने जागा चाचपून सही केली. डोळ्यांबद्दल मॅडम कुणालाही, कधीही काही बोलल्या नाहीत. मीही त्यांना विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी मेस्त्री अनवाणी लॉफ्टभर एक चक्कर मारून आले. मी साचे बांधत होते. माझ्याजवळ येऊन थोडे थांबले. मी मान वर केली नाही. तशी तिथली रीतच होती. ते गेले.

संगणकाच्या कक्षातही चपला बाहेर काढायच्या होत्या. धुळीने तो बिघडतो म्हणून. पहिल्या दिवशी ती पाटी वाचून मी दारात हसले, तर शिकवायला आलेल्या माणसाला वाटलं मी घाबरले. हळूहळू शिकले. इंग्रजी शब्द मुलीकडून गिरवून घेतले. पडद्यावर रेघ आली की तळहात त्यावर फिरायचा आणि काचेवर डाग पडायचे, त्याबद्दल मला दोनदा ताकीद मिळाली. लॉफ्टचं पुढे गोदाम झालं. तिथे पत्र्याची पिंपं ठेवली आणि लोक बूट घालून जाऊ लागले.

मेस्त्रींकडे मी गेले नाही. गणपतीत नाही, शिमग्यात नाही. त्यांच्या नातवाच्या बारशाचं बोलावणं आलं, तेव्हा मुलीबरोबर झबलं पाठवलं. मुलगी विचारायची, "आई, तू का येत नाहीस?" मी म्हणायचे, काम आहे. काम असायचंच. मेस्त्रींचा मला राग नव्हता, असंही नाही. स्वतःसाठी कुणी काही मागितलं तर त्यात काय वाईट, हे मला कळत होतं. मीही तेच मागत होते, फक्त मनात. पण 'झाडूवाली' या शब्दाच्या पुढे मन सरकत नसे.

मुलगी शिकली, नोकरीला लागली. मग एका बाजाराच्या दिवशी पास्कल भेटला, टोपलीत बदकाची अंडी घेऊन.

"मेस्त्रीचा डोळा कापला," तो म्हणाला. "मोतीबिंदूचा. अखेर सुनेने नेलाच. पट्टी आहे अजून. जाऊन ये."

"बघते."

"बघते नाही. पट्टी सुटायच्या आधी जा. नंतर त्याला दिसायला लागेल आणि तो तुला सांगेल की तू म्हातारी झालीस." त्याने माझ्या पिशवीत चार अंडी घातली. "ही त्याला दे. मी दिली म्हणू नकोस, नाहीतर खाणार नाही."

मी तशीच पिशवी घेऊन गेले. अंगणात मेस्त्रींची सून आमसुलं वाळत घालत होती. तिने मला पाहून तोंडावर बोट ठेवलं आणि माळ्याकडे हात केला. "चुलीचा धूर नको म्हणून वर ठेवलंय त्यांना," ती हलक्या आवाजात म्हणाली. "झोपलेत वाटतं. बघा हळूच."

मी चपला काढल्या. लाकडी जिना होता, मेस्त्रींनीच कधी काळी केलेला. मी हळू चढू लागले.

"तिसरी पायरी हलते गो कुंदे," वरून आवाज आला. "जपून."

मी दुसरीवर होते. माझं डोकंही अजून माळ्याच्या वर आलं नव्हतं.

वर मेस्त्री खाटेवर उताणे पडले होते. एका डोळ्यावर जाड पट्टी, दुसरा कधीचाच गेलेला. ते खूप बारीक झाले होते. हात मात्र तेवढेच मोठे.

"पास्कलने सांगितलं वाटतं, मी येणार म्हणून," मी म्हटलं.

"पास्कल पाऊस संपल्यापासून इकडे फिरकलेला नाही. अंडी त्याचीच आहेत ना? वास येतोय."

"मग मी आले हे कसं कळलं?"

"जिना वाजला."

"जिना काय, कोणीही वाजवेल."

"वाजवतात ना. सून धावत चढते. नातू दोन पायऱ्या गाळतो. पास्कल बैलासारखा. तू टाच आधी टेकवतेस, मग जरा थांबतेस, मग पुढचा भाग. पहिल्या दिवशी झाडू घेऊन आलीस तशीच."

मी खाटेशेजारी बसले. माळ्याच्या फळ्या गुळगुळीत होत्या. मी तळहात ठेवला.

"लॉफ्टमध्येही कळायचं?"

"तिथे साग होता," मेस्त्री म्हणाले. "हा फणस. सागावर जास्त कळतं."

खाली सूनबाई आमसुलांचं सूप झटकत होती. मी अंडी पिशवीतून काढून एकेक खाटेखाली ठेवली, गडगडणार नाहीत अशी. त्याला वेळ लागला.

"आणि देवस्थळी मॅडमचं पाऊल?" मी विचारलं.

मेस्त्रींनी अंगावरची चादर सरळ केली. ती सरळच होती.

"उजवा पाय जरा ओढायच्या," ते म्हणाले. "त्या पहिल्यांदा आल्या ना, भिंतीपर्यंत चालत गेल्या, तेव्हाच लक्षात आलं."

मला काहीतरी बोलायचं होतं. शब्द यायच्या ऐवजी मला खोकला आला. एकदा. मग पुन्हा, जरा मोठ्याने.

"ऐकू येतं गो मला," मेस्त्री म्हणाले. "तेव्हाही येत होतं."